सावरीची उशी

जुन्या उशीची शिवण जराशी उसवली आणि खोलीभर म्हाताऱ्या उडू लागल्या. पकडायला जावे तर हाताच्या वाऱ्यानेच लांब पळतात. 'कापूस नव्हे तो, सावर आहे,' आजी म्हणाली, 'आधी पंखा बंद कर!' झाडाचे नाव आणि उशीत भरायच्या वस्तूचे नाव एकच, हे तेव्हा कळले.

हे नाव फार जुने. संस्कृतातली शाल्मली प्राकृतातून घरंगळत मराठीत सांवरी, सावर झाली. ग्रामचे गाव आणि नामचे नाव झाले, त्याच वाटेने इथेही 'म'चा 'व' झाला. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात नवरीच्या रथाच्या वर्णनात हीच 'शल्मलि' आहे. हिंदीत ती सेमल. मराठीतही कुठे सावर, कुठे शेवरी, आणि खोडावर काटे म्हणून काटेसावर. 'उशी'चे कूळही संस्कृतच: उच्छीर्षक, म्हणजे डोके उंच ठेवणारे. 'उशाला'मध्ये ते आजही ऐकू येते.

शिशिरात सावरीची पाने झडतात, निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुले येतात आणि उन्हाळ्यात बोंडे तडकतात. कपाशीचा तंतू सरकीलाच चिकटलेला असतो, म्हणून ती रेचून काढावी लागते. सावरीचा तंतू मात्र बोंडाच्या आतल्या सालीवर उगवतो. काठीने झोडपले, झटकले की काळ्या बिया खाली बसतात आणि कापूस वर राहतो.

पण याचे सूत निघत नाही. तंतू आखूड, गुळगुळीत; पीळ धरत नाही. फळाच्या आशेने शाल्मलीवर बसून राहिलेल्या पोपटाच्या चोचीत शेवटी कापूस येतो, असा दाखला जुने कवी देत. पोपटाची निराशा झाली, तरी माणसाने त्याच कापसाची उशी केली. तंतू आतून पोकळ, त्यात हवा कोंडलेली, वरून मेणासारखा थर. म्हणून तो हलका, दाबला तरी पुन्हा फुगणारा आणि पाण्याला दाद न देणारा.

या गुणांमुळे त्याचा भाऊबंद, पांढऱ्या सावरीचा कापूस, समुद्रावर गेला. मलय भाषेतल्या 'कापुक'वरून जगभर त्याचे नाव 'कपोक' पडले आणि तो जीवरक्षक जाकिटांत भरला जाऊ लागला. त्याचा मोठा पुरवठा जावातून होई. 1942 मध्ये जपानने जावा घेतले आणि अमेरिकेची ही आवक तुटली. तेव्हा जाकिटांत कपोकऐवजी भरायला तिथल्या शाळकरी मुलांनी रानात फिरून 'मिल्कवीड'च्या शेंगा गोळा केल्या. हे झुडूप आपल्या रुईच्या कुळातले. शनिवारी जिच्या पानांची माळ मारुतीला घालतात, तीच ही रुई; हिच्याही शेंगेतून म्हाताऱ्या उडतात. हिंदीत मात्र 'रुई' म्हणजे चक्क कापूस.

आता दुकानात उशी मागितली की 'फायबर' पुढे येते. घरात सावरीची उशी उरली असेल तर तिला पाण्यात बुडवू नका. खोळ घट्ट विणीची घाला आणि अधूनमधून ऊन दाखवा. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा फुगते.