फुप्फुस प्रत्यारोपणानंतरची शारीरिक क्षमता

निकामी फुप्फुसाच्या जागी दात्याचे फुप्फुस बसवल्यानंतर रुग्णाला चालण्याची, श्रम करण्याची व दैनंदिन कामे स्वतः करण्याची जी शक्ती लाभते, तिला फुप्फुस प्रत्यारोपणानंतरची शारीरिक क्षमता म्हणतात. पहिले मानवी फुप्फुस प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी केले; तो रुग्ण १८ दिवस जगला. १९८३ साली टोरोंटो येथे जोएल कूपर यांच्या पथकाला दीर्घकालीन यश लाभले.

क्षमता व मर्यादा

शस्त्रक्रियेनंतर दम लागणे कमी होते आणि बहुतेकांची बाहेरून प्राणवायू घेण्याची गरज संपते. तथापि श्रम करताना शरीर वापरू शकते तो कमाल प्राणवायू बहुधा अपेक्षित प्रमाणाच्या ४० ते ६० टक्केच राहतो. याचे प्रमुख कारण नवे फुप्फुस नसून पायांचे दुबळे स्नायू हे होय. दीर्घ आजारातील निष्क्रियता, स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमससारखी औषधे यांमुळे स्नायू क्षीण होतात. नियमित व्यायामाने ते पुन्हा बळकट करता येतात. सहा मिनिटांत चाललेल्या अंतरावरून प्रगती मोजतात.

जीवनमान

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आजन्म घ्यावी लागतात. जंतुसंसर्ग आणि शरीराने फुप्फुस हळूहळू नाकारणे हे मोठे धोके होत. बुरशी आलेला चारा, शेणखत व धूळ टाळावी लागते. त्यामुळे बीड जिल्ह्यातील पाटोद्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यातील रुग्णाला अंगात बळ आल्यावरही पूर्वीचे शेतीकाम सोडावे लागू शकते.