फ्यूशिया, त्रिपर्णी

(फ्यूशिया ट्रायफायला, कुल : ऑनेग्रेसी). शोभेचे नाजूक, बहुवर्षायू झुडूप. मूळस्थान हिस्पॅनिओला बेटाचा डोंगराळ भाग. पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात, खालून जांभळट. नारिंगी-लाल, लांब नळीची फुले फांदीच्या शेंड्याला झुबक्याने लोंबतात.

इतिहास : फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए यांनी 1703 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या झुडपाचे वर्णन केले व लेओनहार्ट फुक्स (1501–66) यांच्या सन्मानार्थ फ्यूशिया हे नाव दिले. आज बागांतून दिसणारे फ्यूशिया बहुतांशी इतर जातींपासूनचे असले, तरी प्रजातीची ओळख याच जातीपासून सुरू झाली. जिवंत रोपे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचली. गटिंगेन येथील कार्ल बोनश्टेट यांनी 1905 च्या सुमारास यापासून संकर केले. ‘थालिया’ हा संकरही सामान्यतः त्यांचाच मानतात. मात्र त्याविषयी एकवाक्यता नाही.

लागवड : ब्रिटनसारख्या समशीतोष्ण हवामानात हे झुडूप कुंडीतच ठेवणे श्रेयस्कर. इतर फ्यूशियांपेक्षा याला ऊन अधिक मानवते. गोठणाऱ्या थंडीचा धोका टळल्यावर, मेअखेर किंवा जूनच्या आरंभी, कुंडी बाहेर काढावी. रोप लहान असताना शेंडे खुडल्यास ते भरगच्च होते. पण फुले शेंड्यालाच येत असल्याने उशिरापर्यंत खुडत राहिले की बहर लांबतो. फुलोऱ्याच्या काळात पालाशयुक्त पातळ खत द्यावे.

खरी कसोटी हिवाळ्याची. पहिली गोठणारी थंडी पडण्यापूर्वीच कुंडी आत घ्यावी. तापमान 5 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये. पाणी अगदी बेताने द्यावे : माती चिंब राहिली तर मुळे कुजतात, ठणठणीत कोरडी झाली तर झुडूप मरते. बोट मातीत खुपसून पाहण्याइतकी खात्रीची दुसरी रीत नाही. वसंतात नवे डोळे फुटू लागले की छाटणी करून ताज्या मातीत बसवावे. उन्हाळाअखेर कोवळ्या शेंड्यांचे फाटे लावून ठेवावेत. जुने झुडूप गेले तरी वाण हातचा जात नाही.

उपयोग : शोभेसाठी.

रोग व किडी : तांबेरा, पांढरी माशी, मुळे कुरतडणाऱ्या भुंग्याच्या अळ्या. सर्वांत घातक गाठी आणणारी सूक्ष्म कोळी कीड. शेंडे सुजून वेडेवाकडे होतात, फुले येत नाहीत. ब्रिटनमध्ये ती 2007 मध्ये आढळली. बाधित शेंडे कापून जाळावेत. प्रवासातून परतताना फ्यूशियाचे फाटे सोबत आणू नयेत.