फोटोमागची उर्दू आणि पिकासातली नावं

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत पत्र्याच्या पेटीत फोटोंचं एखादं पुडकं सापडतं. फोटोच्या पाठीवर उर्दूत नाव, गाव, कधी हिजरी साल. निजामाच्या राज्यात शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे असे फोटो केवळ मुसलमानांच्याच घरी आहेत असं नाही. १९४८ला संस्थान संपलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि भाषा बदलली. आज हिंगोली, वसमत, कळमनुरीत मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला आजोबा दिसतात, पण मागचं नाव वाचता येत नाही. उर्दू शिकवत असल्यामुळे असे फोटो माझ्याकडे वाचायला येतात. बायकांच्या फोटोंवर तर बऱ्याचदा 'अहलिया' म्हणजे पत्नी, एवढंच. तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही.

सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी १८९२ला हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांचे फोटो तिथं बायकाच काढत. त्याच निजामानं दीनदयाळांना 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला. ते काचेच्या निगेटिव्हवर नंबर घालत. पुढे अशा हजारो काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या. नंबर काचेवरच असल्यामुळे काच जिथं जाईल तिथं ओळखही सोबत जाते.

आपल्या कॉम्प्युटरमध्ये नेमकं हेच होत नाही. २००४ला गुगलनं पिकासा घेतलं आणि फुकट दिलं. लग्नं, हजचे फोटो, शाळेचे जलसे, सगळं त्यात गेलं. २००९पासून ते चेहरे ओळखू लागलं आणि घरोघरी लोकांनी हौसेनं चेहऱ्यांना नावं दिली. मार्च २०१६मध्ये गुगलनं ते बंद केलं. तरी जुन्या मशीनवर ते चालत राहिलं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, लोक नवा कॉम्प्युटर घेऊ लागले आणि आता प्रश्न समोर आला.

पिकासात फोटोखाली लिहिलेली ओळ जेपीजी फाइलमध्येच जाते. चेहऱ्यांची नावं मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये फोटोबाहेर राहतात: थोडी माहिती प्रत्येक फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलमध्ये, बाकीची सी ड्राइव्हवरच्या डेटाबेसमध्ये. पेन ड्राइव्हवर नुसते फोटो उचलून नेले तर ही नावं जुन्या डब्यातच राहतात. म्हणून तो भंगारात द्यायची घाई नको. आधी सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. मग पिकासाच्या ३.९ आवृत्तीत ऑप्शन्समधल्या 'नेम टॅग्ज'मध्ये जाऊन नावं फोटोत साठवायची खूण करा. आधी दिलेल्या नावांसाठी टूल्समध्ये 'एक्सपेरिमेंटल'खाली चेहरे एक्सएमपीत लिहायची सोय आहे. एक्सएमपी ही २००१ची पद्धत, अनेक प्रोग्राम ती वाचतात. नव्या मशीनवर डिजिकॅम हा मोफत प्रोग्राम ही नावं उचलतो. फक्त त्यालाही माहिती फाइलमध्ये लिहायला सेटिंगमध्ये सांगावं लागतं, नाहीतर पुन्हा नवं कुलूप.

फोटोंची यादी जुन्या इनपेजमध्ये किंवा श्रीलिपीत टाइप केलेली असेल तर ती युनिकोडमध्ये आणा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तिचा नुसता कचरा दिसतो. उर्दू नाव आणि देवनागरी नाव, दोन्ही लिहा. एकच लिपी पुरेल यावर माझा तरी भरवसा नाही.

हे काम एकट्यानं होत नाही, कारण नावं आपल्याला कुठे ठाऊक असतात? ईदला सगळे घरी येतात, तेव्हा कॉम्प्युटर बैठकीत आणून ठेवा आणि दादी-नानीला समोर बसवा. 'अहलिया' लिहिलेल्या फोटोतल्या बाईचं नाव त्यांनाच माहीत असतं.