सोड्याच्या डबीआधीचा सोडा

घरगुती स्वच्छतेच्या सल्ल्यांमध्ये खाण्याच्या सोड्याला सध्या मानाचे स्थान आहे. ‘नैसर्गिक’, ‘रसायनमुक्त’ अशी विशेषणे त्याला सर्रास लावली जातात. वस्तुतः डबीतील ते शुभ्र चूर्ण म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि ते बहुतांशी कारखान्यातच तयार होते. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र या विशेषणांमुळे एक इतिहास झाकला जातो. निसर्गातून थेट मिळणारा सोडा भारताला पूर्वापार ठाऊक होता आणि तो आजच्या सोड्याइतका सौम्य नव्हता.

पंजाब आणि सिंधच्या रुक्ष पट्ट्यात खाऱ्या जमिनीवर वाढणारी काही झुडपे मुळांवाटे सोडियम शोषून घेतात. ती वाळवून खड्ड्यात जाळली की राखेसोबत एक वितळलेला द्रव निथळतो व थंड झाल्यावर त्याचा दगडासारखा गोळा होतो. हाच सज्जीखार. खड्ड्याच्या तळाशी भोके पाडलेली मडकी पुरून त्यांत झिरपलेला अधिक शुद्ध माल ‘लोटा सज्जी’ या नावाने वेगळा विकला जाई. रसायनदृष्ट्या हा मुख्यतः सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. ‘अल्कली’ हा शब्दही अशाच खाऱ्या वनस्पतींच्या राखेच्या अरबी नावावरून आला आहे.

गंगा-यमुनेच्या खोऱ्यात झुडपे जाळण्याचीही गरज नव्हती. उन्हाळ्यात तिथल्या ओसाड जमिनीवर पांढरा थर फुलून येतो. त्याला ‘रेह’ म्हणतात. धोबी ती माती खरवडून आणत, पाण्यात कालवून निवळी काढत आणि तीत भिजवलेले सुती कपडे भट्टीच्या वाफेवर ठेवत. ढाक्याच्या मलमलीचीही धुलाई याच तत्त्वावर चाले. जेम्स टेलर यांनी 1840 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ढाक्याच्या वर्णनात साबण व सज्जीमातीच्या द्रावणात कापड भिजवणे, गवतावर पसरून उन्हात ठेवणे आणि मग वाफवणे, असा क्रम आढळतो. रेशीम आणि लोकर यांसाठी मात्र रिठा. कापूस म्हणजे सेल्युलोज, तो अल्क सहन करतो. रेशीम व लोकर ही प्रथिने, ती अल्कामुळे झिजतात. प्रथिनांची रचना कुणाला कळण्याच्या कितीतरी आधी हा भेद धोब्यांच्या हातांना माहीत होता. विज्ञानाच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत, हे मला खटकते.

महाराष्ट्रात याचे उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. उल्कापाताने झालेल्या त्या विवरातील पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 10 च्या आसपास असतो. ‘ऐन-ए-अकबरी’त या परिसरात काच व साबण यांची सामग्री मिळते अशी नोंद आहे.

क्षाराची तीव्रता जोखण्याची परंपरा तर याहून जुनी. सुश्रुतसंहितेत क्षारांचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे भेद आहेत. वनस्पतींच्या राखेच्या पाण्यात भाजलेले शंख-शिंपले व चुनखडी घालून तो अधिक दाहक करण्याची कृती तिथे दिली आहे. आजच्या भाषेत, चुन्याने कार्बोनेटचे रूपांतर हायड्रॉक्साइडमध्ये होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीची विशेष दखल घेतली. (आपल्या शालेय पुस्तकांत ‘क्षार’ हा शब्द आता निराळ्या अर्थाने येतो, त्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. तो वाद इथे नको.)

मग कारखाने आले. फ्रान्समध्ये निकोलस लेब्लांक यांनी 1791 मध्ये मिठापासून सोडा बनवण्याचे पेटंट घेतले. 1861 मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वे यांनी अधिक स्वच्छ आणि स्वस्त मार्ग काढला. मिठाच्या संपृक्त द्रावणात अमोनिया मुरवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला, की कमी विद्राव्य असलेला बायकार्बोनेट साक्याच्या रूपाने खाली बसतो. तो तापवला की धुण्याचा सोडा मिळतो. खाण्याचा शुद्ध सोडा हवा असेल, तर त्या धुण्याच्या सोड्यात पुन्हा कार्बन डायऑक्साइड मुरवतात.

या आयात मालापुढे सज्जी आणि रेह टिकणे अवघड होते. देशी उत्पादनाचे प्रयत्न 1920 च्या दशकात ध्रांगध्रा येथे सुरू झाले. बडोदा संस्थानातील ओखामंडळात कपिलराम वकील यांनी मिठागरे उभारली आणि तिथेच, मिठापूरला, 1939 मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली. सौराष्ट्रात मीठ आणि चुनखडी मुबलक होती. गोडे पाणी मात्र दुर्मीळ. सॉल्वे पद्धतीचे बारकावे परदेशी कंपन्या गुप्त ठेवत. त्यामुळे भारतीय अभियंत्यांना बरेच काही स्वतःच शोधावे लागले. आज आपल्या स्वयंपाकघरातील सोडा ‘नैसर्गिक’ म्हणवला जातो, तेव्हा या माणसांचे कर्तृत्वही पुसले जाते.

रेहची मागणी सरली, पण रेह सरला नाही. कालव्यांमुळे भूजलाची पातळी वर आली, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर चढले आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच साचले. सोडियममुळे मातीचे सूक्ष्म कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. उत्तर भारतातील शेतकऱ्यांच्या यासंबंधीच्या तक्रारी एकोणिसाव्या शतकापासूनच्या आहेत. कर्नाल येथे 1969 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने जिप्समचा वापर करून अशा जमिनी लागवडीखाली आणण्याचे तंत्र रूढ केले. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून जातो. देशातील सुमारे 67 लाख हेक्टर क्षारबाधित जमिनीपैकी निम्म्याहून अधिक या सोडियमग्रस्त प्रकारची आहे. कपडे उजळवणारा आणि शेत नासवणारा पदार्थ एकच, फक्त ठिकाण वेगळे.

आता घरातील डबीकडे येऊ. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू 8.3 च्या आसपास, तर धुण्याच्या सोड्याचा सुमारे 11 असतो. म्हणजे डबीतील सोडा मृदू क्षार. त्याचे कण मऊ असल्याने ओटा फारसा न ओरखडता घासला जातो, आणि नासक्या दुधासारखे आंबट वास त्यातील आम्लांचे उदासिनीकरण होऊन जातात. लसणाच्या गंधकयुक्त वासावर त्याचा विशेष प्रभाव पडत नाही. सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढण्याचा प्रकार लोकप्रिय आहे, पण त्यात दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. 84 ग्रॅम सोड्याला 5 टक्के तीव्रतेचे सुमारे सव्वा लिटर व्हिनेगर पुरते, आणि उरते ते मुख्यतः सोडियम ॲसिटेटचे पाणी. बुडबुड्यांनी सैल कचरा हलतो, एवढेच. त्वचेचा सामू 5 च्या आसपास असल्याने चेहऱ्याला किंवा केसांना सोडा नियमित लावण्याचा सल्लाही मला पटत नाही.

करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात सोड्याचे पाणी उकळण्याचा उपाय मात्र खरा उपयोगी. उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बायकार्बोनेटचा हळूहळू कार्बोनेट होतो. मृदू क्षार तिथे चुलीवरच तीक्ष्णतेकडे सरकतो आणि करपलेला थर सुटतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला तो काळे पाडील. आणि त्या पाण्यात लोकरीचा स्वेटर तर मुळीच बुडवू नये, त्यासाठी रिठाच बरा.