वेताळ अकोल्याला उतरायचा

बोरीबंदरसमोरच्या ‘टाइम्स’च्या इमारतीत किती बिऱ्हाडं नांदतात, हे आम्हा अकोल्याच्या पोट्ट्यांना अंकांवरच्या बारीक छापलेल्या पत्त्यांवरून कळलं. ‘फिल्मफेअर’ १९५२चं, ‘फेमिना’ १९५९चं, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२चा, शिवाय धर्मवीर भारतींचं ‘धर्मयुग’. आर. के. लक्ष्मण यांचा कुंचलाही त्याच घरचा. मार्च १९६४मध्ये तिथूनच ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघालं, वेताळाच्या, म्हणजे ‘फँटम’च्या, चित्रकथा घेऊन.

आमच्यासाठी बाकीची नियतकालिकं म्हणजे वेताळाचे शेजारी! अंक रेल्वेनं यायचे. फलाटावरच्या व्हीलरच्या गाड्यावर कोरा अंक उभ्या-उभ्या चाळायचा, विक्रेत्यानं डोळे वटारले की ठेवायचा. घरी निळ्या शाईनं बोटावर वेताळाच्या अंगठीसारखी कवटी काढायची आणि मित्राच्या जबड्यावर तिचा छाप उठवायचा. शाई ओली असेल तरच उठायचा, म्हणून घाई.

ली फॉकच्या मूळ कथेत वेताळाचं जंगल ‘बंगाला’. आपल्या बंगालशी घोळ नको म्हणून ‘इंद्रजाल’नं त्याचं ‘डेंकाली’ केलं. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. ही कात्री मला आजही हुशारीची वाटते. कथा अमेरिकेची, पण कितीतरी मुखपृष्ठं इथल्या बी. गोविंद यांची, आणि खरं सांगतो, आतल्या चित्रांपेक्षा तीच जास्त भडक, जास्त जिवंत.

१९७६ला आबिद सुरतींचा बहादूर आला. कुर्ता, जीन्स, बाप डाकू. नायक आपला, तरी आमच्या गल्लीत अदलाबदलीला एका वेताळाचे दोन बहादूर द्यावे लागत. १९९०ला ‘इंद्रजाल’ बंद पडलं, तोवर आमची पोरं टीव्हीसमोर बसली होती.