आधारकथा आणि युद्धेतिहास : 'स्टार फ्लीट' विश्वाची जडणघडण

लेडी मॅकबेथला मुले किती होती, हा प्रश्न एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली आपल्या निबंधाच्या शीर्षकस्थानी ठेवला तो उपरोधाने. नाटकातील पात्रांना संहितेबाहेरचे आयुष्य असते असे गृहीत धरून त्या आयुष्याचा तपशील शोधीत बसणाऱ्या समीक्षेची त्यांना थट्टा करावयाची होती. संहिता म्हणजे शब्दांची रचना. शब्द जेथे थांबतात तेथे पात्रही थांबते, अशी ही भूमिका. विसाव्या शतकातील रूपवादी समीक्षेने ती बहुतांशी स्वीकारली. मात्र ज्या प्रश्नाला समीक्षेने अप्रस्तुत ठरविले, तोच प्रश्न वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्या एका वर्गाने गंभीरपणे विचारला आणि त्याच्या उत्तरातून ग्रंथ, नकाशे, कालपट, नियमसंहिता यांचे मोठे भांडार उभे केले. रॉनल्ड नॉक्स यांनी १९११ साली शेरलॉक होम्सच्या कथांची चिकित्सा जणू त्या ऐतिहासिक दस्तऐवज आहेत अशा थाटात केली. तो विद्वत्तेचा विनोद होता. पुढे विज्ञानकथेच्या चाहत्यांच्या हाती ह्या विनोदाची एक रीतसर पद्धती झाली. 'स्टार ट्रेक' ह्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या आधारे रचले गेलेले 'स्टार फ्लीट' हे खेळविश्व हे ह्या पद्धतीचे एक लक्षणीय उदाहरण होय.

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका सप्टेंबर १९६६ ते जून १९६९ ह्या काळात तीन हंगामांत प्रसारित झाली; तिचे एकूण ७९ भाग आहेत. प्रत्येक भाग बहुधा स्वयंपूर्ण असे. भाग लिहिणारे लेखक वेगवेगळे होते. एका भागात आलेला परग्रहवासी समाज दुसऱ्या भागात पुन्हा येईलच असे नव्हते, आणि आलाच तर आधीच्या तपशिलाशी तो जुळेल ह्याचीही शाश्वती नव्हती. म्हणजेच मालिकेला विश्व होते, परंतु त्या विश्वाला सलग इतिहास नव्हता. वुल्फगांग इझर यांनी संहितेतील ज्या 'रिकाम्या जागां'चा विचार मांडला, त्या येथे केवळ दोन वाक्यांच्या वा दोन प्रसंगांच्या मध्ये नाहीत. दोन भागांच्या मध्ये आख्खी साम्राज्ये रिकामी पडलेली आहेत. इझर यांचा वाचक ह्या जागा मनात भरतो. मालिकेच्या चाहत्यांनी त्या कागदावर भरावयास घेतल्या. १९६७ सालीच 'स्पॉकनालिया' हे केवळ ह्या मालिकेला वाहिलेले हौशी नियतकालिक निघाले होते. कथा, पत्रे, चर्चा, चित्रे यांतून एक वाचकसमाज घडत होता आणि मालिका बंद पडल्यावर तो विखुरला नाही, उलट वाढला.

ह्या समाजाच्या कडेलाच एक वेगळ्या प्रकारचे लेखन सिद्ध झाले. सॅन डिएगो येथील विमानउद्योगात आराखडे काढण्याचे काम केलेले फ्रान्झ जोसेफ श्नॉबेल्ट हे स्वतः मूळचे चाहते नव्हते. त्यांच्या मुलीला मालिकेची आवड होती. त्या निमित्ताने त्यांनी मालिकेतील यानांचे आणि उपकरणांचे आराखडे काढावयास सुरुवात केली. १९७५ साली फ्रान्झ जोसेफ ह्या नावाने त्यांचे 'एंटरप्राइज' यानाचे नकाशे आणि 'स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल' ही दोन्ही पुस्तके बॅलंटाइन ह्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. ह्या दुसऱ्या ग्रंथाचे रूप विचारात घेण्याजोगे आहे. त्यात कथा नाही, पात्रे नाहीत, निवेदकही नाही. भविष्यकाळातील एका आरमाराची हस्तपुस्तिका चुकून विसाव्या शतकात येऊन पडली आहे, असा त्याचा बहाणा आहे. यानांचे वर्ग, गणवेशांची मापे, ध्वज, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर बेतलेली महासंघाची घटना अशी त्याची सामग्री. मालिकेत एकाच जातीचे यान प्रामुख्याने दिसते. येथे त्याच्या जोडीला टेहळणीयान, विनाशिका, मालवाहू यान आणि महायुद्धनौका आल्या. कथनाचे असे वर्णनात रूपांतर झाले की एक महत्त्वाची गोष्ट घडते : कथेत जे एकदाच घडले, ते कोशात नेहमीचे होते.

ह्या कोशाला गती देणारे साधन त्याच सुमारास तयार होत होते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांची परंपरा तेथून सुरू होते. ह्या भूमिकानिष्ठ खेळांचा उगम नकाशा आणि सोंगट्यांच्या युद्धखेळांत आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. स्टीफन कोल यांचा 'स्टार फ्लीट बॅटल्स' हा खेळ १९७९ साली टास्क फोर्स गेम्स ह्या संस्थेने काढला, तो ह्याच युद्धखेळांच्या घराण्यातला. त्याचा परवाना फ्रान्झ जोसेफ यांच्याकडून घेतलेला होता. म्हणजे खेळाची आधारसंहिता मालिका ही नव्हे. मालिकेवर रचलेली हस्तपुस्तिका ही त्याची पहिली आधारसंहिता. नवे विश्व असे दुसऱ्या पिढीचे आहे.

खेळाचे व्याकरण थोडक्यात असे सांगता येईल. षट्कोनी घरांच्या नकाशावर याने फिरतात. प्रत्येक यानाचा एक तक्ता असतो आणि त्यातील एकेक चौकट म्हणजे यंत्राचा, अस्त्राचा वा कवचाचा एकेक अंश. प्रत्येक डावाच्या आरंभी खेळाडूने यंत्रांतून मिळणारी शक्ती गती, अस्त्रे आणि कवचे यांत वाटून द्यावयाची. डाव ३२ क्षणांत विभागलेला असतो. मार बसला की चौकटी खोडल्या जातात. मालिकेत यानाचा अभियंता शक्ती पुरत नसल्याची तक्रार वारंवार करतो. त्या नाट्यमय तक्रारीचे येथे जमाखर्चात रूपांतर झालेले दिसते.

ह्या व्याकरणाने मालिकेचे वाचन कसे केले, हे दोन-तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. 'बॅलन्स ऑफ टेरर' ह्या १९६६ च्या भागात रोम्युलन यानाचे अस्त्र अंतर वाढत जाईल तसे क्षीण होते. खेळात प्लाझ्मा अस्त्राचा जोर अंतरानुसार घटत जाण्याचा नियम आहे. त्याच भागात रोम्युलन यानाच्या यंत्रशक्तीचा जाता जाता कमीपणाने उल्लेख होतो. त्यावरून एका साम्राज्याच्या तांत्रिक मागासलेपणाचा इतिहास रचला गेला. 'द एंटरप्राइज इन्सिडेंट' ह्या १९६८ च्या भागात रोम्युलन लोक क्लिंगॉन घडणीची याने वापरताना दिसतात. मालिका ह्याची बोळवण एका वाक्यात करते. खेळाने त्यामागे दोन साम्राज्यांतील स्मार्बा येथील तह कल्पिला. 'अरीना' ह्या १९६७ च्या भागात गॉर्न जमातीची एकच व्यक्ती पडद्यावर येते. खेळात त्या जमातीचे राज्यसंघ, आरमार आणि युद्धनीती आहे. क्झिंती ही जमात तर लॅरी निव्हन यांच्या स्वतंत्र कथाविश्वातील. निव्हन यांनीच १९७३ साली आपल्या एका कथेवरून मालिकेच्या सचेतपट आवृत्तीसाठी भाग लिहिला, आणि त्या वाटेने ती जमात खेळाच्या नकाशावर आली. लायरन आणि हायड्रन ही राज्ये मात्र खेळानेच निर्माण केली. ह्या सर्वांना एका कालपटात ओवून त्याच्या मध्यभागी खेळाच्या पंचांगातील १६८ ते १८५ ह्या वर्षांचे महायुद्ध ठेवण्यात आले.

ही पद्धती इतिहासकाराची आहे. तुटपुंजी साधने, त्यांतील विसंगती, त्या विसंगतींचा परिहार करणारे अनुमान आणि अनुमानांतून सिद्ध होणारा कार्यकारणभाव असा तिचा क्रम आहे. साधनांवरील निष्ठा इतकी काटेकोर की पात्राच्या तोंडचे एक ओझरते वाक्यही वाया जाऊ दिले जात नाही. मात्र ह्याच ठिकाणी मूळ प्रश्न उपस्थित होतो. 'बॅलन्स ऑफ टेरर'मधून खेळाने अस्त्राचा पल्ला घेतला. त्या भागाचा गाभा वेगळा आहे. शत्रूच्या आणि स्पॉकच्या चेहऱ्यांतील साम्य उघड होताच यानावरील एका अधिकाऱ्याच्या मनात उठणारा वांशिक संशय आणि दोन सेनानींना परस्परांविषयी वाटणारा, युद्धामुळे निष्फळ ठरलेला आदर, हा तो गाभा होय. त्यासाठी तक्त्यावर चौकट नाही. 'अरीना'मध्ये कर्क हाती सापडलेल्या शत्रूला मारण्याचे नाकारतो. खेळाच्या महायुद्धात गॉर्न हे महासंघाच्या बाजूने लढतात. करुणेचा हा प्रसंग इतिहासात उरतो तो मित्रराष्ट्रांच्या यादीतील एका नावापुरता. 'एरंड ऑफ मर्सी' ह्या भागात तर ऑर्गेनियन लोक महासंघ आणि क्लिंगॉन या दोघांनाही शस्त्रे खाली ठेवावयास लावतात, आणि युद्धाला उतावीळ झालेल्या कर्कला स्वतःची लाज वाटते. खेळाच्या इतिहासात हे दोन पक्ष महायुद्धात समोरासमोर उभे आहेत. ऑर्गेनियन शांतता टिकली असती तर खेळच संभवला नसता.

तेव्हा असे म्हणावे लागते की, चाहत्यांचे हे वाचन अक्षराशी अत्यंत प्रामाणिक आणि आशयापासून तितकेच दूर आहे. ह्याचे कारण चाहत्यांच्या मनोवृत्तीत शोधणे उचित होणार नाही. ते रूपबंधात आहे. मोजता येईल तेवढेच ह्या रूपबंधाला वाचता येते. संहितेचे वाचन वाचकाच्या अपेक्षांनी नियंत्रित होते असे वाचककेंद्री समीक्षा सांगते. येथे त्या अपेक्षाही वाचकाच्या स्वतःच्या नाहीत. ज्या रूपबंधात त्याला वाचन व्यक्त करावयाचे आहे, त्या रूपबंधाने त्या आधीच ठरवून दिल्या आहेत.

ह्या विश्वाचे अधिकृत मालिकेशी असलेले नाते पुढील काळात अधिकच गुंतागुंतीचे झाले. १९७९ सालच्या पहिल्या चित्रपटात पार्श्वभूमीवरील संदेशांत फ्रान्झ जोसेफ यांच्या यादीतील यानांची नावे ऐकू येतात; अनुषंगिक संहितेने आधारसंहितेत प्रवेश केला, तो असा. परंतु १९८७ साली 'द नेक्स्ट जनरेशन' ही नवी मालिका सुरू झाली तेव्हा क्लिंगॉन आणि महासंघ यांच्यात सख्य झालेले होते, आणि जुन्या हस्तपुस्तिकेला प्रमाण मानण्याचे कारण उरले नव्हते. इकडे परवान्याच्या मर्यादेमुळे खेळाला कर्क, स्पॉक ही पात्रे वापरता येत नव्हती आणि चित्रपटांतील व नव्या मालिकांतील सामग्रीही घेता येत नव्हती. परिणामी १९६०-७० च्या दशकांतील सामग्रीवर खेळाचे विश्व थांबले आणि तेथून स्वतःच्या दिशेने वाढत गेले. एका खोडाला अशा दोन शाखा फुटल्या.

महाभारताच्या पाठचिकित्सेमुळे मराठी अभ्यासकाला 'प्रक्षेप' ही संकल्पना परिचयाची आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने (१९१९ ते १९६६) संहिता आणि मागाहून पडलेली भर यांत विवेक करण्याचा मोठा प्रयत्न केला. प्रस्तुत विश्वाला ही संकल्पना लावून पाहिली असता ती अपुरी पडते. प्रक्षेप मूळ संहितेच्या पोटात, तिच्याच नावाने शिरतो. हे विश्व संहितेच्या बाहेर, स्वतःच्या नावाने उभे आहे. शिवाय कालक्रमाने 'मूळ' कोणते, ह्याचेही उत्तर सरळ नाही. १९६० च्या दशकातील क्लिंगॉनांचे शत्रुत्व जपून ठेवले ते खेळाने. अधिकृत परंपरेने ते बदलले. मूळच्या अवस्थेचे जतन अनधिकृत शाखेने करावे, हा विपर्यास पाठपरंपरांच्या अभ्यासकाला अनोळखी वाटणार नाही.

१९९३ साली ह्याच विश्वावर 'प्राइम डिरेक्टिव्ह' हा भूमिकानिष्ठ खेळ निघाला. मालिकेत हे नाव परक्या समाजाच्या घडामोडींत हस्तक्षेप न करण्याच्या नियमाचे आहे. ज्या विश्वाने त्या समाजांना आरमारांचे रूप दिले, त्याच्या खेळाला हे नाव मिळावे, ह्यात अनवधानाने आलेला उपरोध आहे. तरीही ह्या खेळाचे महत्त्व कमी लेखता येत नाही. आता टेबलावर यान नव्हते, माणूस होता. अज्ञात ग्रहावर प्रथम उतरणाऱ्या तुकडीतील एकेका सदस्याची भूमिका खेळाडूने घ्यावयाची होती. युद्धेतिहासाने जी जागा पुसली होती, ती व्यक्तीच्या निर्णयाची जागा पुन्हा मोकळी झाली. समोरच्या शत्रूवर अस्त्र चालवावे की त्याच्याशी बोलावे, हे ठरविण्याचा अधिकार तक्त्याकडून पात्राकडे आला. नियमांचे पुस्तक ती शक्यता उपलब्ध करून देते. ती प्रत्यक्षात उतरते की नाही, हे त्या संध्याकाळी टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांवर अवलंबून राहते, आणि तेथे जे घडते त्याची संहिता मागे उरत नाही.

नाइट्स यांच्या प्रश्नाकडे येथे पुन्हा वळता येते. लेडी मॅकबेथच्या मुलांची संख्या शोधणे त्यांना व्यर्थ वाटले, कारण त्या शोधात नाटक हातचे निसटते. 'स्टार फ्लीट' विश्वाच्या संदर्भात त्यांची भीती खरी ठरली, हे मान्य करावयास हवे : मुले मोजली गेली आणि शोकात्मिका निसटली. मात्र मोजणी एवढ्यावर थांबली नाही. तिने एक इतिहास रचला, त्या इतिहासात चौदा वर्षांनी माणसांना उतरविले आणि त्यांच्यापुढे मालिकेतलाच नैतिक पेच पुन्हा उभा करण्याची सोय केली. कर्कने गॉर्नला जीवदान दिले ते पटकथेने ठरवून दिल्यामुळे. टेबलावरच्या खेळाडूपुढे पटकथा नसते. त्याने जीवदान दिलेच, तर ते त्याचे स्वतःचे असते. अशा कृतींना छापील संहितांच्या मोजपट्टीने मोजणारी समीक्षा त्यांच्यातील दोष अचूक दाखवू शकेल. त्यांच्यातून आशय परत कसा येतो हे पाहण्यासाठी मात्र तिला संहितेच्या शेवटच्या ओळीपलीकडे, टेबलापर्यंत जावे लागेल.