खलनायकाचं दुःख खरं असेल, तर त्याचा विश्वासघात माफ होतो का?

'तिने जे भोगलं ते तुम्ही भोगलं असतं, तर तुम्हीही तेच केलं असतं.' विज्ञानकथेतल्या एखाद्या खलनायकाबद्दल वाद सुरू झाला की हे वाक्य हमखास येतं. त्यावर उत्तरही ठरलेलं असतं: 'म्हणून काय सगळ्या जगाला फसवायचं?'

मार्च २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' ही मालिका आली आणि ये वेनजिए या शास्त्रज्ञ बाईवरून हाच वाद पुन्हा रंगला. तिने परग्रहावरच्या लोकांना पृथ्वीचा पत्ता दिला, म्हणजे अख्ख्या मानवजातीचा विश्वासघात केला. पण तिची कहाणी ऐकली की तिचा राग येण्याऐवजी पोटात तुटतं.

मुंबईकरांसाठी या कहाणीत आणखी एक गोष्ट आहे. वेनजिएचा माणसांवरचा विश्वास उडायला सुरुवात होते ती झाडं तोडली जात असताना, आणि तिच्या आयुष्याला वळण मिळतं ते जंगल वाचवण्यासाठी लिहिलेल्या एका पत्रामुळे. आपल्या आरे कॉलनीच्या गोष्टीतही तोडलेली झाडं आहेत आणि एक पत्रही आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

(सूचना: या लेखात काही कादंबऱ्यांची कथानकं शेवटापर्यंत सांगितली आहेत.)

आधी तीन शब्द वेगळे करू

हा वाद बहुतेक वेळा अडकतो, कारण आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो.

• कारण: त्याने असं का केलं?
• सवलत: त्याला दोष थोडा कमी द्यावा का?
• समर्थन: त्याने केलं ते बरोबर होतं का?

साधं उदाहरण घ्या. सोसायटीच्या खजिनदाराने वडिलांच्या ऑपरेशनसाठी मेंटेनन्सचे पैसे परस्पर वापरले. हॉस्पिटलचं बिल हे कारण. 'पोलिसांत नको जायला, हप्त्याने परत दे' ही सवलत. पण सभेत उठून कुणी म्हणालं की 'पैसे घेतले ते योग्यच केलं', तर ते समर्थन. पहिल्या दोन गोष्टींना हो म्हणणारा माणूस तिसरीला नाही म्हणू शकतो. त्यात विसंगती काहीच नाही.

चांगल्या विज्ञान कादंबऱ्या हा फरक नेमका पकडतात. चार पात्रं पाहू.

डॉ. युए: 'बायकोसाठी केलं'

फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' १९६५ साली आली. त्यातले डॉ. युए हे अट्रायडीज घराण्याचे विश्वासू वैद्य. त्यांचं प्रशिक्षणच असं झालेलं असतं की ते दगा देऊच शकणार नाहीत, अशी सगळ्यांची खात्री असते. पण शत्रूच्या ताब्यात त्यांची बायको असते. युए घराचं संरक्षण बंद करतात, मालकाला बेशुद्ध करतात आणि शत्रूला आत घेतात.

युए निर्ढावलेले नाहीत. मालकाच्या मुलाला आणि त्याच्या आईला वाळवंटात जगता यावं म्हणून लागणारं सामान ते आधीच लपवून ठेवतात. मालकाच्या तोंडात विषारी वायूचा दात बसवतात, म्हणजे मरता मरता तो शत्रूला तरी मारेल. होतं काय? बायको आधीच मेलेली असते. शत्रू युएंनाही संपवतो. त्या विषाने शत्रूचा हस्तक मरतो, पण मुख्य शत्रू वाचतो.

आपला कायदा अशा माणसाकडे कसा बघतो? जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ९४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२ सांगतं की, जागच्या जागी आपलाच जीव जाईल अशा धमकीमुळे केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. खून आणि मृत्युदंडाला पात्र असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे मात्र यातून वगळले आहेत. शिवाय धमकी स्वतःच्या जिवाला असावी लागते, बायकोच्या नव्हे. म्हणजे युएंना या कलमाची ढाल मिळाली नसती. वाचक म्हणून आपण कायद्यापेक्षा थोडे मऊ असतो, आणि असायला हरकत नाही. पण मऊ होणं ही सवलत झाली. ज्या घराने विश्वास टाकला त्याचा बळी देणं त्यामुळे योग्य ठरत नाही.

कॅप्टन नेमो: 'त्यांनी माझं सगळं नेलं'

भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, त्यामुळे पाणबुडीवाला नेमो आपल्याकडे अनेकांच्या लहानपणीच भेटतो. १८७० च्या पहिल्या कादंबरीत तो कोण, कुठला हे कळत नाही. १८७५ साली पूर्ण झालेल्या 'द मिस्टिरियस आयलंड'मध्ये उलगडतं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार आहे. १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात आपलं कुटुंब गमावलेला.

नेमो कुणाला गोड बोलून फसवत नाही, पण सूड घेतो. एक युद्धनौका तो माणसांसकट बुडवतो आणि नंतर बायकोमुलांच्या चित्रासमोर गुडघे टेकून रडतो. मरणाच्या दारात तो सायरस स्मिथ या इंजिनियरला विचारतो की, मी बरोबर होतो की चूक? स्मिथ त्याचा मान राखतो, पण सांगतो की गेलेला काळ परत आणता येईल असं मानणं आणि अटळ प्रगतीशी झुंजणं ही तुझी चूक.

हे उत्तर आज भारतीय वाचकाला खटकतं. ज्याला स्मिथ प्रगती म्हणतो ती आपल्यासाठी गुलामगिरी होती. उठावात लढणं चूक नव्हतंच. नेमोला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्या जहाजावरच्या प्रत्येक खलाशाने तुझं काय बिघडवलं होतं?

म्यूल: 'मला कुणी आपलं मानलंच नाही'

आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन अँड एम्पायर'मधला (१९५२) म्यूल जन्मतःच वेगळा, कुरूप, एकटा. दुसऱ्याच्या भावना बदलण्याची ताकद त्याच्याकडे असते आणि तिच्या जोरावर तो साम्राज्य उभं करतो. घाबरट विदूषकाचं सोंग घेऊन तो एका जोडप्यासोबत राहतो. त्यातली बेटा त्याच्याशी मनापासून चांगली वागते. तिच्या मनात तो ढवळाढवळ करत नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची तरी माया खरी असते. आणि तिथेच त्याचा डाव फसतो. ताब्यात नसलेलं मन त्याचा बेत ओळखतं. दुखावलेल्या माणसाला खरी माणुसकी मिळाली, तरी त्याने सोंग चालूच ठेवलं. इथे भूतकाळाची ढाल सगळ्यात पातळ होते.

ये वेनजिए: 'माणसं सुधारणारच नाहीत'

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' २००८ साली पुस्तकरूपात आली. २०१५ मध्ये तिच्या इंग्रजी अनुवादाला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

१९६७ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, वेनजिएच्या डोळ्यांदेखत चार रेड गार्ड मुली तिच्या प्राध्यापक वडिलांना मारून टाकतात. तिची आई त्याच व्यासपीठावर वडिलांच्या विरोधात बोललेली असते. वेनजिएला जंगलतोडीच्या कामावर पाठवलं जातं. तिथे एक पत्रकार तिला रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' वाचायला देतो. जंगल वाचवा असं सांगणारं पत्र तो सरकारला लिहितो आणि वेनजिए ते स्वच्छ अक्षरात उतरवून देते. अंगाशी आल्यावर तो हात वर करतो आणि पत्र तिच्या नावावर खपतं. ती तुरुंगात जाते.

पुढे एका लष्करी केंद्रातून ती अंतराळात संदेश पाठवते. आठ वर्षांनी उत्तर येतं: उत्तर देऊ नका, दिलंत तर तुमचं जग जिंकलं जाईल. तरीही ती उत्तर देते. हे गुपित राखण्यासाठी नवऱ्याचाही जीव घेते.

कादंबरी इथे थांबत नाही, म्हणून ती मोठी. नंतर डोंगरातल्या एका गावातले साधे लोक बाळंतपणात वेनजिएची काळजी घेतात. म्हणजे 'माणसं सुधारणारच नाहीत' हे तिचं मत खोटं पाडणारा पुरावा तिच्यासमोर येतो. मग ती वडिलांना मारणाऱ्या मुलींना भेटायला बोलावते. तिघी येतात. एकीलाही पश्चात्ताप नसतो. तीही बापड्या उद्ध्वस्त झालेल्या, पण माफी मागायला कुणी तयार नाही. वेनजिए पुन्हा कठोर होते. गावाने दिलेली ऊब ती हिशेबातच धरत नाही.

यात आरेचं काय?

आरे दूध वसाहत १९४९ ची. त्याआधीपासून इथे वारली आणि इतर आदिवासी राहत आले आहेत. आज इथले २७ पाडे मोजले जातात. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झाडं तोडण्याला विरोध झाला, तो मुंबईने जवळून पाहिला.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. त्यानंतर कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि ७ ऑक्टोबरला पुढच्या तोडीला स्थगिती दिली. तोपर्यंत मेट्रो कॉर्पोरेशनच्याच म्हणण्यानुसार २,१४१ झाडं पडली होती.

कादंबरीतलं पत्र लिहून देणारी मुलगी तुरुंगात गेली. इथल्या पत्राची लगेच दखल घेतली गेली. शेवट कुणाच्याच मनासारखा सरळ झाला नाही. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो धावू लागली. कुणाला हा विकास वाटतो, कुणाला फसवणूक. पण ज्यांना फसवणूक वाटली ते कोर्टात गेले, रस्त्यावर बसले, पोलीस कोठडीत राहिले. 'सगळं शहरच बुडू दे' हा वेनजिएचा रस्ता त्यांनी धरला नाही.

याचा अर्थ वेनजिए कमकुवत आणि आरेवाले थोर, असा सरळ निघत नाही. तिच्या देशात तेव्हा दाद मागायला दारच नव्हतं. म्हणूनच सवलतीचा प्रश्न विचारताना बघायचं की, या माणसासाठी कुठलं दार उघडं होतं? दार नसेल तर दोष थोडा कमी होतो, आणि उरलेला दोष दार बंद करणाऱ्यांकडे जातो.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही

कर्णाबद्दल आपण पिढ्यानपिढ्या हेच भांडतोय. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ साली त्याचं दुःख घराघरात पोचवलं. त्याच वर्षी आलेल्या 'युगान्त'मध्ये इरावती कर्व्यांनी महाभारतातल्या माणसांकडे अलिप्त नजरेने पाहिलं. आईने सोडलं, जातीवरून हिणवलं, हे सगळं खरं. पण द्यूतसभेतल्या द्रौपदीने कर्णाला नदीत सोडलं नव्हतं. रथाचं चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण देतो, तेव्हा कृष्ण हेच विचारतो: द्रौपदीला सभेत ओढलं आणि अभिमन्यूला घेरून मारलं, तेव्हा धर्म कुठे होता?

आणि तरी कर्ण आपल्याला जवळचा वाटतो. त्याचं एक कारण मूळ महाभारतातच आहे. युद्धाआधी तो कृष्णाजवळ कबूल करतो की पांडवांना बोललेल्या कडू शब्दांचा आपल्याला पश्चात्ताप होतो. तो स्वतःच्या दुःखाचा वापर स्वतःला निर्दोष ठरवायला करत नाही.

पुढच्या वेळी वाद झाला, तर हे चार प्रश्न विचारा

१. फटका कुणाला बसला? ज्याने अन्याय केला त्याला, की ज्याचा काही संबंधच नव्हता त्याला?
२. दुसरं दार होतं का? दाद मागण्याचा मार्ग होता, तरी तो टाळला का?
३. मत बदलण्याची संधी आली होती का? वेनजिएला गाव भेटलं, म्यूलला बेटा भेटली. त्याचं त्यांनी काय केलं?
४. विश्वास कुणी टाकला होता? ज्याने आपलं मानलं त्यालाच दगा दिला असेल, तर जुनी जखम कितीही खोल असली तरी हा नवा अन्याय आहे.

मग उत्तर काय?

भूतकाळ हे कारण असतं. बऱ्याचदा तो सवलतही मिळवून देतो. समर्थन मात्र जवळपास कधीच देत नाही, कारण विश्वासघाताची किंमत ज्याने दुःख दिलं तो क्वचितच मोजतो. ती शेजारी उभा असलेला तिसराच कुणीतरी मोजतो.

पण 'दुःख असलं म्हणून काय झालं' असं म्हणून पुस्तक मिटवणंही सोपं आहे. वेनजिएच्या गोष्टीत एक माफी वेळेवर आली असती, एका माणसाने आपण लिहिलेल्या पत्राची जबाबदारी घेतली असती, तर कदाचित ते बटण दाबलंच गेलं नसतं. तिने केलं ते चूकच. ते तिच्या हातून होईपर्यंत बघत बसलेले लोकही त्याच गोष्टीतली पात्रं आहेत, आणि वाचताना आपण सहसा त्यांचं नावही लक्षात ठेवत नाही.